विंडोज १० संपलं, मग माझ्या लिखाणाचं काय?

वाचकाचं पत्र

‘मी निवृत्त मराठी शिक्षिका. घरी २०१६ साली जोडून घेतलेला कॉम्प्युटर आहे. बिलावर आय-फाइव्ह, सहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क असं लिहिलंय. त्यात विंडोज १० आहे. गेल्या दिवाळीपासून पडद्यावर सारखं येतं, की या विंडोजचा सपोर्ट संपला. दुकानदार म्हणतो, पंधराशे रुपयांत फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून देतो, वर ऑफिस फुकट. पुण्याचा मुलगा म्हणतो, विंडोज काढून लिनक्स टाकू. शेजारचे म्हणतात, दहा वर्षांचं मशीन आहे, भंगारात द्या. माझं सगळं लिखाण, म्हणजे माहेरच्या गावी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या, स्मरणिकांमधले लेख, एक अर्धवट कादंबरी, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. यजमान सोसायटीचे खजिनदार, त्यांची हिशेबाची टॅली याच मशीनवर. मागे एकदा मुलाच्या लॅपटॉपवर माझी फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा दिसल्या. तेव्हापासून धसका घेतलाय. अपग्रेड करू की नको?’
– एक वाचक, कराड

उत्तर

बाई, नमस्कार.

सगळ्यात आधी त्या दुकानदाराला थांबवा. विंडोज जुनं झालं म्हणून आज-उद्या तुमचं काही जाणार नाही. पण कोणी घाईत फॉरमॅट मारला, म्हणजे डिस्क पुसून कोरी केली, आणि बॅकअपचं विचारायचं राहून गेलं, तर ओव्या, लेख, कादंबरी सगळं एका दुपारीत जाईल. दुकानदार वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या लेखी मशीन चालू झालं की काम झालं. फायलींची काळजी ज्याची त्यालाच करावी लागते.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर देते : या मशीनवर विंडोज ११ टाकू नका. विंडोज १० च ठेवा, पण त्याची सुरक्षा आणखी काही महिन्यांसाठी रीतसर वाढवून घ्या. तेवढ्या वेळात तुमचं लिखाण श्रीलिपीतून बाहेर काढा. मग नवं मशीन घ्या, म्हणजे ते घेताना पोटात गोळा येणार नाही. आता हे असं का, ते सांगते.

पडद्यावर जी सूचना येते तिचा अर्थ आधी पाहू. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. कॉम्प्युटर त्यामुळे बंद पडत नाही. फायली उघडतात, टॅली चालते, छपाई होते. दर महिन्याला सुरक्षेचे जे अपडेट यायचे, ते येणं थांबतं, आणि विंडोजमधल्या नव्या त्रुटी तर शोधणारे शोधतच राहतात. एखाद्या मशीनला इंटरनेटच नसेल तर त्याला याचं फारसं सोयरसुतक नाही. पण यजमान खजिनदार आहेत म्हटल्यावर सोसायटीचं नेटबँकिंग याच मशीनवरून होत असणार. तेव्हा ‘चालतंय ना, मग चालू दे’ हे इथे चालणार नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. सपोर्ट संपल्याची खरी सूचना असते तिच्यात फोन नंबर कधीही नसतो. ‘तुमचं विंडोज धोक्यात आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असं काही पडद्यावर आलं, सोबत भोंगा वाजला, तर ते ठगांचं काम आहे. ब्राउझर बंद करा, बंद होत नसेल तर मशीनच बंद करा. फोन केलाच गेला आणि पैसे गेले, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर वेळ न घालवता कळवा. निवृत्त माणसांची घरं या लोकांना फार आवडतात.

आता विंडोज ११. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने अटी कडक केल्या. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही मागणी किरकोळ, ती तुमचं मशीन सहज पुरी करतं. अडतं दोन ठिकाणी. एक, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. दोन, प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो, आणि इंटेलच्या बाबतीत ती यादी, एखाददुसरा अपवाद सोडला, तर आठव्या जनरेशनपासून सुरू होते. तुमचा सहाव्याचा. ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं मायक्रोसॉफ्टचं फुकट ॲप आहे, ते चालवलंत तर तेही हेच सांगेल. टीपीएमचं एक वेळ जमून गेलं असतं. पुष्कळ मदरबोर्डांत ते आतच असतं, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंग्जमध्ये, पीटीटी या नावाने बंद ठेवलेलं असतं आणि चालू केलं की झालं. तुमच्यासारखंच पत्र लिहिणाऱ्या कोणाकडे आठव्या-नवव्या जनरेशनचं मशीन असेल आणि तरीही ‘चालणार नाही’ असं येत असेल, तर त्यांनी आधी हे बघावं. प्रोसेसरला मात्र असा इलाज नाही.

मग दुकानदार कसा टाकून देतो म्हणतो? देतो, खरंच देतो. अटींची तपासणी वगळणारा पेन ड्राइव्ह तयार करता येतो आणि तुमच्या मशीनवर विंडोज ११ बहुधा उठूनही बसेल. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. ती दरवेळी पुन्हा तसाच पेन ड्राइव्ह करून हाताने टाकावी लागते. मुलगा घरातच असता तर हरकत नव्हती. तुम्ही कराडला, तो पुण्याला, आणि दरवेळी दुकानदाराला पंधराशे. सुरक्षेसाठी म्हणून जे करायचं तेच जर हमीशिवाय मिळणार असेल, तर एवढा खटाटोप कशाला?

‘वर ऑफिस फुकट’ याबद्दल तर बोलायलाच नको. फुकटचं ऑफिस म्हणजे कुलूप फोडलेलं ऑफिस, आणि ते फोडायला वापरलेला प्रोग्रॅम सोबत काय घेऊन येतो हे दुकानदारालाही माहीत नसतं. माझा सल्ला, आत्ताचं तुमचं विंडोज तरी खरं आहे का तेही एकदा बघून घ्या. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, त्यात ‘ॲक्टिव्हेशन’. तिथे ‘डिजिटल लायसन्स’ने ॲक्टिव्हेट झालंय असं दिसलं तर ठीक. घरच्या कॉम्प्युटरवर तिथे ‘युअर ऑर्गनायझेशन’ची ॲक्टिव्हेशन सर्व्हिस असं काही लिहिलेलं असेल, तर समजा की २०१६ साली जोडणाऱ्याने हात मारलाय. तुमच्या घरात कसलं आलंय ऑर्गनायझेशन! तसं निघालं तर पुढे मी जे वाढीव मुदतीचं सांगणार आहे त्यात वेळ दवडू नका, नवं मशीन घ्यायचा विचार थोडा अलीकडे ओढा.

वाढीव मुदत म्हणजे ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’, लोक नुसतं ईएसयू म्हणतात. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली आहे. त्यात नवं काही मिळत नाही, फक्त सुरक्षेचे महत्त्वाचे अपडेट येत राहतात, आणि तुम्हाला तेवढंच हवंय. यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती लागते. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ आणि मग ‘अबाउट’ उघडलं की ती लिहिलेली दिसते. जुनी असेल तर आधी नेहमीचे अपडेट पुरे करून घ्या. मग ‘विंडोज अपडेट’च्या पानावर ‘एन्रोल नाऊ’ अशी ओळ असते, तिच्यावर क्लिक करायचं. तिथे तीन वाटा दिसतात : ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे रुपये एकदाच भरायचे, मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट खर्चायचे, किंवा मशीनच्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवायचा. तिसरी वाट फुकट, ती घ्या.

मात्र त्या तिसऱ्या वाटेवर एक खड्डा आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने मशीनमध्ये लॉगिन करावं लागतं आणि बॅकअपचं पान उघडतं. त्या पानावर ‘फोल्डर्स’, ‘ॲप्स’, ‘सेटिंग्ज’ अशी वेगवेगळी बटणं असतात. ‘सेटिंग्ज’ चालू ठेवा, ‘फोल्डर्स’ बंद करा. नाहीतर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, चढायला लागतात. तिथे फुकटची जागा ५ जीबी, ती नातवंडांच्या फोटोंनीच भरते, आणि मग ‘जागा संपली, पैसे भरा’ हा नवा तगादा सुरू. शिवाय फायली नेमक्या कुठे आहेत याचा गोंधळ होतो तो वेगळाच. खातं काढताना जो ईमेल, जो मोबाइल नंबर आणि जो पासवर्ड दिलात तो वहीत लिहून कपाटात ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये म्हणतात ते ऑफिसातल्यांसाठी. घरात कपाटातली वही ही फार सुरक्षित जागा आहे.

आता मुख्य विषय, श्रीलिपी.

मुलाच्या लॅपटॉपवर जे दिसलं ते कशामुळे, हे एकदा कळलं की धसका निम्मा उतरेल. तुमची फाइल खराब झालेली नव्हती. श्रीलिपी आली त्या काळात आपल्या घराघरांतल्या कॉम्प्युटरांना देवनागरी ठाऊक नव्हती. त्यांना इंग्रजी अक्षरं, आकडे आणि काही खुणा एवढंच समजायचं. मग आपल्या लोकांनी शक्कल लढवली. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले : एका जागी अर्धा क, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी रफार. तुम्ही ‘माहेर’ टाइप करता तेव्हा फाइलमध्ये ‘माहेर’ जातच नाही. काही इंग्रजी अक्षरं आणि खुणा जातात, आणि श्रीलिपीचा फाँट पडद्यावर त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. फाँट काढून घेतला की मूळ खुणा उघड्या पडतात. मुलाच्या लॅपटॉपवर तुम्ही पाहिलंत ते हेच. म्हणूनच तुमच्या सगळ्या फायलींत ‘जातं’ हा शब्द शोधायला गेलात तर मशीनला तो सापडत नाही. त्याच्या दृष्टीने त्या फायलींत मराठी नाहीच.

बरं, हे तुकडे कुठल्या जागी बसवायचे यावर एकमत नव्हतं. श्रीलिपीवाल्या मॉड्युलरची मांडणी एक, सी-डॅकच्या आयएसएमची दुसरी, शिवाजी आणि कृतिदेव फाँटची आणखी निराळी. मॉड्युलर आणि सी-डॅक दोघेही पुण्याचे, तरी एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही. पुण्याबद्दल मी याहून जास्त बोलत नाही. त्यामुळे फाइल उघडून ‘दुसरा मराठी फाँट लावून बघू’ असा प्रयोग कोणी केला, तर खुणांचं रूपांतर दुसऱ्याच अगम्य मजकुरात होतं. त्या अवस्थेत फाइल सेव्ह मात्र करू देऊ नका.

युनिकोडमध्ये हा प्रकार नाही. तिथे देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो जगभर एकच. तुम्ही मोबाइलवर मैत्रिणींना मराठीत मेसेज पाठवता ते युनिकोडच असतं. पाठवताना फाँट सोबत द्यावा लागतो का? विंडोजमध्येही ही सोय विंडोज २०००पासून आहे. तेव्हा तुमच्या लिखाणापुढचा धोका विंडोज १० की ११ हा नाहीच. आज जो फाँट तुमच्या एकाच मशीनवर आहे, तो उद्या कुठेच नसेल, हा खरा धोका. तो विंडोज न बदलताही येऊ शकतो. हार्ड डिस्क दहा वर्षांची आहे.

म्हणून आधी प्रती काढा. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. डॉक्युमेंट्स तर घ्याच, पण डेस्कटॉपवर साठलेलं, डाउनलोड्समध्ये विसरलेलं आणि डी ड्राइव्हवरच्या ‘न्यू फोल्डर’मधल्या ‘न्यू फोल्डर’मध्ये दडलेलंही बघा. शिक्षकांच्या मशीनवर निम्मं साहित्य तिथेच असतं. मग सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात ‘फाँट्स’ उघडा. श्री-देव या नावाने सुरू होणारे, पुढे आकडे असलेले बरेच फाँट दिसतील. ते सगळे कॉपी करून त्याच हार्ड डिस्कवर वेगळ्या फोल्डरात ठेवा. फाँट तुम्ही विकत घेतलेले आहेत, स्वतःचं लिखाण वाचण्यासाठी जपताय, मैत्रिणींना वाटत सुटू नका एवढंच. श्रीलिपीची सीडी आणि तिचं कुलूप, म्हणजे मशीनच्या मागे लावायचा तो छोटा डोंगल, तुमच्या आवृत्तीला असेल तर तोही डबीत घालून ठेवा.

प्रत काढली म्हणजे प्रत आहे, असं समजू नका. ती हार्ड डिस्क मुलाच्या लॅपटॉपला लावा, त्यावरची एक ओव्यांची फाइल उघडा. पुन्हा खुणाच दिसतील, घाबरू नका. फाइल बंद करा, कॉपी केलेला श्री-देव फाँट उघडून ‘इन्स्टॉल’ दाबा, वर्ड बंद करून परत उघडा आणि फाइल पुन्हा बघा. ओव्या दिसल्या, तर तुमचा बॅकअप खरा. नाही दिसल्या, तर वर्डमध्ये मजकुरावर क्लिक करून वर फाँटच्या चौकटीत कुठलं नाव येतंय ते वाचा. तोच क्रमांकाचा फाँट कॉपी व्हायचा राहिला असेल.

यानंतर, रूपांतराच्या भानगडीत पडायच्या आधी, आणखी एक काम करा. प्रत्येक लेखाची पीडीएफ काढा, तुमच्या मशीनवरूनच. प्रिंटचा हुकूम द्यायचा आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडायचं. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत जातात, त्यामुळे ती फाइल कुठल्याही मशीनवर, मोबाइलवरही, आज दिसते तशीच दिसेल. ती दुरुस्त करता येणार नाही, तिच्यात शब्द शोधता येणार नाही, पण रूपांतरात पुढे काय गडबड झाली तर मूळ काय होतं हे बघायला हीच प्रत लागेल.

मग रूपांतर. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, श्रीलिपीच्या नंतरच्या आवृत्त्याही युनिकोडमध्ये काम करतात. कुठलाही घ्या, त्याला तुमच्या फाँटची मांडणी चालते का हे एका पानावर तपासून बघा, आणि मगच पुढे जा. एक पान व्यवस्थित झालं म्हणून शंभर फायली एकदम घालू नका. चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली वेलांटी जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. जोडाक्षरावर ती असेल, उदाहरणार्थ ‘शक्ति’ किंवा ‘स्थिती’, तर ती भलत्या अक्षरावर जाऊन बसते. रफाराचंही तसंच, तो एक घर पुढे-मागे सरकतो. आणि ऱ्या, ऱ्हा ही तर कन्व्हर्टरची कायमची डोकेदुखी. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ओवीतली बाई दरीऐवजी समुद्र पार करायला लागते. हे स्पेलचेक पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर. तुम्ही पकडाल. आयुष्यभर वह्या तपासल्यात, हे काम तुमच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही.

लेखात मध्येच इंग्रजी शब्द, ईमेलचा पत्ता किंवा इंग्रजी आकडे असतील तर त्यांच्याकडेही लक्ष ठेवा. कन्व्हर्टरला सगळा मजकूर श्रीलिपीचाच वाटतो, तो इंग्रजी शब्दांचंही मराठी करून टाकतो आणि ‘ककघ्ळ’ अशा वळणाचं काहीतरी बाहेर येतं. ओव्यांत हा त्रास नाही, स्मरणिकेच्या लेखांत भरपूर असेल. सुरुवात म्हणून ओव्याच घ्या. त्या लहान आहेत, इंग्रजीविरहित आहेत, आणि खरं सांगायचं तर कादंबरी पुन्हा लिहिता येईल, पण ज्यांनी त्या ओव्या म्हणून दाखवल्या त्या बायका पुन्हा भेटतीलच असं नाही.

पुढचं लिखाण मात्र आजपासूनच युनिकोडमध्ये. विंडोज १० मध्येच मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, तिथे मराठी भाषा जोडा, आणि तिच्या पर्यायांत जाऊन ‘मराठी फोनेटिक’ निवडा. इनस्क्रिप्ट हा सरकारी मांडणीचा कीबोर्डही तिथेच मिळतो. हात टाइपरायटरच्या पद्धतीवर बसलेला असेल तर पहिला महिनाभर चिडचिड होईल. त्या पद्धतीने युनिकोड टाइप करू देणारी साधनं वेगळी मिळतात, मुलाला बसवून द्यायला सांगा. नव्या मशीनवर कधी ‘मंगल’ फाँट सापडला नाही तर घाबरू नका, विंडोजच्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये देवनागरीचे जादा फाँट असतात, तिथून तो फुकट जोडता येतो. निर्मला नावाचा फाँट तर असतोच.

यजमानांच्या टॅलीचं थोडक्यात. टॅलीचा स्वतःचा बॅकअप घ्याच, पण डेटाचा अख्खा फोल्डरही बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. नव्या आवृत्तीत डेटा एकदा रूपांतरित झाला की जुनीत तो परत उघडत नाही, म्हणून ती प्रत कोणी हात न लावता तशीच राहू द्यायची. टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. मशीन बदलताना किंवा फॉरमॅट करताना ते आधी ‘सरेंडर’ करावं, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्यावं लागतं, हे दुकानदार विसरतात आणि मग खजिनदार हेल्पलाइनला फोन लावत बसतात. वेळही नीट निवडा. मार्चअखेर आणि ऑडिट होईपर्यंत या मशीनला कोणी हात लावायचा नाही. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते आणि ईएसयूची मुदत १३ ऑक्टोबरची. मध्ये जे दोन आठवडे मिळतात तेच मशीन बदलायचे, आणि नवं मशीन त्याआधी घरात येऊन पडलेलं असावं. प्रिंटरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. नवं मशीन घेण्याआधी त्याच्या कंपनीच्या वेबसाइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, आहे ना, ते बघून घ्या.

मुलाचा लिनक्सचा सल्ला वाईट नाही, घर चुकलंय. नुसतं नेट, मेल, व्हिडिओ आणि युनिकोडमधलं मराठी लिखाण एवढंच असतं तर मीही लिनक्स मिंट सुचवलं असतं. जुन्या मशीनवर ते छान चालतं आणि पैसे पडत नाहीत. पण टॅली आणि श्रीलिपी हे विंडोजचे प्रोग्रॅम आहेत. ते लिनक्सवर कसेबसे चालवता येतात म्हणून कोणी सांगेल, पण त्या ‘कसेबसे’त ऐन ऑडिटच्या दिवशी अडकायचं कारण नाही. मशीन निवृत्त झाल्यावर त्याला हवं ते टाकू द्या.

तो येईल तेव्हा त्याच्याकडून दोन कामं करून घ्या. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम टाकून हार्ड डिस्कची तब्येत बघायला सांगा. ‘गुड’च्या जागी ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं, तर मी वर सांगितलेल्या प्रती त्याच संध्याकाळी निघाल्या पाहिजेत, बाकी सगळं नंतर. आणि डिस्क हळू झालीय, मशीन सुरू व्हायला चहा होऊन जातो, अशी तक्रार असेल तर सी ड्राइव्हपुरती एक २४०-२५६ जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवायची, जुनी डिस्क डी म्हणून तशीच ठेवायची. उरलेले महिने सुखाने जातील, आणि ती एसएसडी पुढे डबीत घालून बाहेरची डिस्क म्हणूनही वापरता येते. रॅम मात्र वाढवू नका. ८ जीबी तुम्हाला पुरे आहे आणि रॅमचे भाव सध्या चढलेले आहेत.

नवं मशीन घेताना खऱ्या लायसन्सचं विंडोज ११ आधीपासून टाकलेलं घ्या आणि बिलावर ते लिहून घ्या. मॉनिटर, कीबोर्ड, माउस जुनेच वापरा. मॉनिटरला फक्त जुनी निळी व्हीजीए पिन असेल तर नव्या मशीनला ती बहुधा नसते, म्हणून एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा जोड त्याच दुकानातून सोबत उचला. विंडोज ११ चं स्टार्ट बटण मधोमध असतं, ते डावीकडे नेता येतं, एवढं पहिल्या दिवशीच करून घ्या म्हणजे यजमानांची कटकट वाचेल. आणि एक काम विसरू नका. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवं मशीन सुरू केलं की त्याची डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या खात्यात साठते, ती मुलाकडून काढून घ्या आणि त्याच कपाटातल्या वहीत उतरवून ठेवा. कधी दुरुस्तीनंतर मशीनने ती मागितली आणि ती कुठेच नसेल, तर दुकानदार काय, कोणीही ते कुलूप उघडू शकणार नाही.

शेजाऱ्यांचं भंगाराचं म्हणणं त्यानंतर ऐका. द्यायचंच तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या. देण्याआधी जुनी हार्ड डिस्क मात्र मुलाकडून स्क्रू काढून बाहेर घ्या. तिच्यावर सोसायटीचे दहा वर्षांचे हिशेब आहेत, आणि ते भंगारवाल्याच्या पोत्यात जायचं काही कारण नाही.